सांगलीहून आयत्या वेळी विमानाने जायचंय, परवडणारं तिकीट कसं काढायचं?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी,

यजमान मिरजेतल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. त्यांची रजा आधी कधीच ठरत नाही, मिळाली की लगेच निघावं लागतं. पुढच्या बुधवारपासून सोमवारपर्यंत ते मोकळे आहेत, आणि हे आज दुपारी कळलं. आम्ही दोघं, कॉलेजला असलेली लेक आणि सासूबाई, असे चौघं. रेल्वेने जाऊन-येऊन दोन-तीन दिवस रस्त्यातच जातील, म्हणून यावेळी विमानाचं बघायलोय.

सांगलीत विमानतळ नाही. कवलापूरची मागणी जुनी आहे, पण आज उपयोगाची नाही. म्हणून कोल्हापूर, बेळगाव, पुणे, गोवा, मुंबई सगळीकडून शोधून झालं. जयपूर किंवा कोची मनात आहे. दुपारी एक भाव, रात्री दुसरा. चौघांचा आकडा बघितला की लॅपटॉप मिटून ठेवावासा वाटतो. आयत्या वेळी निघणाऱ्यांनी तिकीट नेमकं कुठून आणि कसं काढावं? थांबलं तर भाव उतरतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मिरज_जंक्शन
वहिनी, जंक्शन दाराशी असताना विमान कशाला? तत्काळ काढा आणि निघा.

गलाईवाला_विटा
ताई, आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. माझं दुकान कोईमतूरला आहे. गावाकडं कोण आजारी पडलं, भावकीत काही बरंवाईट झालं, की दुसऱ्या दिवशी निघायला लागतं. त्यामुळं आयत्या वेळचं तिकीट हा आमच्यात कायमचा विषय. माझं मत सांगतो.

आधी गाव ठरवून मग तिकीट शोधू नका. तारीख तुमच्या हातात नाही, मग निदान गाव तरी मोकळं सोडा. ज्या मार्गावर दिवसाला भरपूर विमानं आहेत आणि दोन-तीन कंपन्या आहेत, तिथंच शेवटच्या आठवड्यात भाव आवाक्यात राहतो. पुणे-दिल्ली, पुणे-बंगळूर हे असले मार्ग. एकच कंपनी, दिवसाला एकच विमान, तेही छोटं, असं असेल तर शेवटच्या चार दिवसांत त्या भावाला कोणी अडवणारं नसतं. कोल्हापूरचं दुखणं तेच आहे. आमच्या जिवाभावाचं विमानतळ, पण तिथनं उडणारी विमानं एटीआर नाहीतर एम्ब्राएर. पन्नास ते ऐंशी सीटा. त्यातल्या स्वस्त किती असणार आणि त्या तुमच्यासाठी शेवटपर्यंत कशा राहणार?

मला कोईमतूरला तातडीनं जायचं झालं तर मी कोईमतूरचं तिकीट बघतच नाही. बंगळूरचं बघतो, तिथनं पुढं रेल्वे किंवा बस. पैसे वाचतात आणि फारतर अर्धा दिवस जातो.

सातारी_कंदी
गलाईवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. आम्हा सातारकरांना तर पुण्याच्या लोहगाव विमानतळाशिवाय दुसरा विचारच करायला नको. खंबाटकी आणि खेड शिवापूर पार केलं की पुणं आलंच.

कृष्णाकाठ
@सातारी_कंदी, तुम्हाला आलंच, आम्हाला नाही. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, मग तुमचं सातारा, मग पुणं, आणि पुण्यात शिरल्यावर कात्रज ते लोहगाव हा वेगळाच प्रवास. हायवेच्या सहापदरीकरणाची कामं धरून सहा तास हातात ठेवावे लागतात. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, मी दीड तासात पोचतो. कोल्हापूरला उगाच मोडीत काढू नका.

तिकीटखिडकी
मी साताऱ्यात पोवई नाक्यावर तिकिटं काढून देतो. वर बरंच बरोबर लिहिलं गेलंय, थोडी आतली बाजू सांगतो.

पहिला प्रश्न, थांबलं तर भाव उतरतो का? मंडई उठायच्या वेळी मेथीची जुडी स्वस्त होते, तसं विमानात होत नाही. शेवटच्या सीटा कंपनी मुद्दाम अशा माणसासाठी ठेवते ज्याला जावंच लागणार आहे: ऑफिसच्या कामाचा, दवाखान्याचा, मयतीला निघालेला. तो जादा पैसे देतो हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. विमानतळावरच्या काउंटरला ऐनवेळी रिकाम्या सीटा स्वस्तात मिळतात अशी समजूत अजून आहे. ती सोडून द्या.

दुसरं, भाव सारखा का हलतो? इकॉनॉमीच्या सगळ्या सीटा दिसायला सारख्या, पण आतून त्या वेगवेगळ्या भाडेगटांत वाटलेल्या असतात. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर. खालचा गट संपला की वरचा उघडतो. विक्री मंद असेल तर कंपनी खालचा गट पुन्हा उघडतेसुद्धा, म्हणून कधीकधी भाव उतरलेला दिसतो. आता महत्त्वाचं: तुम्ही चार माणसं टाकून शोधताय आणि स्वस्त गटात तीनच सीटा उरल्या आहेत, तर बहुतेक वेळा चारही सीटा वरच्या गटाच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन-दोनची दोन तिकिटं काढा.

विश्रामबागकर
@तिकीटखिडकी, आत्ताच करून बघितलं. पुणे-जयपूरला एकट्याचा भाव आणि चौघांतला माणशी भाव यात चांगलाच फरक आहे! हे कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पण दोन वेगळी तिकिटं काढली आणि एक विमान रद्द झालं तर?

तिकीटखिडकी
ताई, विमान एकच असेल तर रद्द झाल्यावर सगळ्यांचंच होईल. पण पर्यायी विमान देताना दोघांना एका आणि दोघांना दुसऱ्या विमानात घालण्याची शक्यता राहते. म्हणून वाटणी करताना सासूबाईंबरोबर तुम्ही किंवा डॉक्टरसाहेब असाल असं बघा. त्यांना व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच नोंदवा, ऐनवेळी मागू नका.

वाईची_मेणवली
पण ब्राउझरमध्ये तोच मार्ग परत परत बघितला की भाव वाढवतात ना? मी कायम गुप्त खिडकी (इनकॉग्निटो) उघडून बघते.

तिकीटखिडकी
हे खूप जण विचारतात. भाव वाढतो तो वर सांगितलेल्या गटांमुळे. तुम्ही बघत असताना दुसरीकडे दोन सीटा विकल्या गेल्या, किंवा कोणीतरी पैसे भरण्याच्या पानावर अडकला आणि त्याने अडवलेल्या सीटा दहा मिनिटांनी परत सुटल्या, की आकडा हलतो. तुलनेच्या साइटवर तर कधी मगाचाच भाव साठवलेला असतो, क्लिक केल्यावर खरा दिसतो. गुप्त खिडकीने नुकसान काही नाही, पण तिच्यात वेळ घालवण्यापेक्षा शेजारच्या विमानतळाचा भाव बघा.

तासगावचा_बागायतदार
उत्तरांत बेळगाव कोणी लिहिलंच नाही! मिरजेहून तिथलं सांबरा विमानतळ काही लांब नाही, रेल्वेनेही बेळगाव गाठता येतं. तिथून इंडिगोचं दिल्लीचं विमान आहे, बंगळूर-हैदराबाद आहे, स्टार एअरचे काही मार्ग आहेत. वेळापत्रक मात्र वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका. मी बागेची छाटणी उरकली की मोकळा होतो, तेव्हा निघतो. छाटणीची तारीख पावसावर, म्हणून माझंही सगळं आयत्या वेळीच. बेळगाव-दिल्ली मला पुण्यापेक्षा महाग पडलं तरी पुण्यापर्यंतची गाडी आणि अर्धा दिवस वाचला.

आणखी एक. आत्ता पितृपंधरवडा सुरू होतोय. आपल्याकडची बरीच मंडळी या पंधरा दिवसांत फिरायला निघत नाहीत. गणपतीला आलेले चाकरमानी परत गेलेले असतात, नवरात्र अजून सुरू व्हायचं असतं. माझ्या बघण्यात हे दिवस कायम स्वस्त. तुमची रजा अगदी मोक्याला मिळालीय.

विश्रामबागकर
दादा, नेमका तोच तर घरातला प्रश्न! सासूबाई म्हणतात, पितरांच्या दिवसांत मौजमजेला निघायचं नाही.

चाफळकर
त्यांच्या म्हणण्याला मान द्या. स्वस्त तिकिटापायी घरातल्या मोठ्या माणसाचं मन मोडू नये.

शिरवळ_फाटा
चाफळकर काका, आदर ठेवून सांगतो, डॉक्टर माणसाला वर्षात एकदा रजा मिळते. तिथी मुलाच्या रजेकडे बघून येत नाही. त्यांच्या घरची तिथी करून निघाले तर काय हरकत आहे?

तिकीटखिडकी
धार्मिक बाजू तुम्ही बघा. भावापुरतं सांगतो, पितृपंधरवड्याचा परिणाम मार्गाप्रमाणे वेगळा असतो. गोवा, कोची अशा हौसेच्या ठिकाणी मागणी उतरलेली दिसते. कामाच्या मार्गावर, म्हणजे दिल्ली-बंगळूरला, सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी पंधरवडा असो नसो, गर्दी तीच. तुम्ही बुधवारी निघताय हे चांगलं. रविवारी रात्री परत येऊ नका. सोमवारी दुपारचं बघा.

फौजी_अपशिंगे
जय हिंद. आमच्या गावात घरटी सैनिक आहे, रजा कधी मंजूर होईल ते कोणालाच माहीत नसतं. सैन्यातले, निमलष्करी दलातले आणि त्यांच्या घरच्यांसाठी एअर इंडिया आणि इंडिगोकडे सवलतीचं भाडं असतं. ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी यांच्यासाठीही सवलती असतात, विद्यार्थ्याला जादा सामानही नेता येतं. तुमच्याकडे सासूबाई आणि लेक, दोघी त्यात बसतात. मात्र विमानतळावर ओळखपत्र दाखवावं लागतं, नाही दाखवलं तर फरक भरायला लावतात. आणि सवलतीचं भाडं साध्या स्वस्त भाड्यापेक्षा खरंच कमी आहे का तेही ताडून बघा, कधीकधी साधंच स्वस्त निघतं.

कृष्णाकाठ
फौजी दादा, शेवटची ओळ लाखमोलाची. आईचं तिकीट काढताना मला हेच दिसलं होतं.

गणिताच्या_बाई_कुपवाड
सगळे तिकिटाच्या आकड्यावर बोलताय. मला दारापासून दारापर्यंतचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. समजा कोल्हापूरहून माणशी ७,००० आणि पुण्याहून माणशी ५,०००. चौघांचे पुण्याला ८,००० वाचले. आता सांगली-पुणे गाडी केली तर डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि गाडीचं परत येणं मिळून त्यातला मोठा भाग गेला. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम. येताना रात्री उशिरा उतरलात तर परत तेच. एकट्या माणसाचा हिशोब याहून वेगळा येतो, कारण तो साध्या एसटीने किंवा रेल्वेने पुण्याला जातो. यावरून माणसं जास्त तसं पुणं महाग पडत जातं असं वाटेल, पण ते खरं नाही! उलट चौघांमध्ये गाडीचा खर्च वाटला जातो आणि तिकिटातली बचत चौपट होते. म्हणून मी म्हणते, दोघं किंवा एकटं असाल तर एसटी किंवा रेल्वेने पुणे, चौघं असाल तर दोन्हीकडचा कागदावर हिशोब, आणि सामान जास्त असेल तर कोल्हापूर.

त्यात सामानाचंही धरा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो आत आणि ७ किलो हातात. पोर्टल शेवटच्या पानावर सुविधा शुल्क लावतं, ते माणशी असतं. सीट निवडायचे पैसे वेगळे. शेवटच्या पानापर्यंत जाऊनच तुलना करावी.

मिरज_जंक्शन
बाई, मग मी काय वेगळं सांगतोय? पुण्याला गाडी करून जायचं, तिथं तीन तास बसायचं, मग उडायचं. त्यापेक्षा राणी चन्नम्मा पकडली की सकाळी बंगळूर. गोवा एक्स्प्रेस सांगली-सातारा करत थेट निजामुद्दीनला जाते.

शिरवळ_फाटा
गोवा एक्स्प्रेस जाते हो, पण जायला दीड दिवस आणि यायला दीड दिवस. सहा दिवसांतले तीन गाडीत. आणि तत्काळचं तरी कुठे खात्रीचं आहे? एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, तेही आदल्या दिवशी. आधारने पडताळलेलं खातं नसेल तर ऑनलाइन मिळतच नाही. चार तिकिटं एकत्र कन्फर्म होतील याच्या भरवशावर आजीला घेऊन निघायचं का?

मिरज_जंक्शन
भरवसा नाही, हे कबूल. पण विमान आणि रेल्वे मिळून वापरा की! वंदे भारत सांगली, कऱ्हाड, सातारा करत पुण्याला जाते. चेअर कारचं तिकीट आठवड्याच्या मधल्या वारी बऱ्याचदा आदल्या दिवशीही मिळतं. आजींना गाडीतल्या हेलकाव्यांपेक्षा ते बरं. दिवस आणि वेळ जुळतेय का तेवढं बघा, कारण ती रोज नाही.

गणिताच्या_बाई_कुपवाड
@मिरज_जंक्शन, हे उत्तम सांगितलंत. माझ्या हिशोबात गाडीच्या जागी हे घातलं की पुण्याचं पारडं पुन्हा जड होतं.

जतचा_माणूस
मला एकच कळत नाही. सरकार या भावांवर मर्यादा का घालत नाही? डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा मंत्रालयाने घातलीच ना? ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, १,००० पर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. मग ती कायमची का नको? आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाने कधी विमानात बसायचंच नाही का? आजारी माणसाला दिल्लीला न्यायचं तर आम्ही काय करायचं?

तिकीटखिडकी
जतच्या दादांची कळकळ पटते. १९९४ ला जुना कायदा गेला आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हापासून भाडं ठरवायची मोकळीक कंपन्यांकडे आहे. कोविडमध्ये मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्याला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा होत्या. वरच्या मर्यादेमुळे शेवटच्या दिवशी निघणाऱ्याला आधार मिळाला, पण खालच्या मर्यादेमुळे महिनाभर आधी काढणाऱ्याचं स्वस्त तिकीटही गेलं. आम्ही रोज गिऱ्हाइकाला ते समजावत होतो. फक्त वरची मर्यादा कायम ठेवली तर छोट्या विमानतळावरचं विमानच बंद होईल, ही भीती मला वाटते.

जतचा_माणूस
मग छोट्या गावांना स्वस्त विमान द्यायची सरकारची उडान योजना कशासाठी काढली? २०१७ ला पहिलं विमान उडालं तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० असं ऐकलं होतं.

तिकीटखिडकी
बरोबर ऐकलंत. पण ते भाडं विमानातल्या साधारण निम्म्या सीटांना होतं, आणि कंपनीला त्यासाठीचं अनुदान ३ वर्षं. स्वस्त सीटा आधी विकल्या जातात, आयत्या वेळी येणाऱ्याच्या वाट्याला बाकीच्या उरतात. अनुदान संपलं की तो मार्ग बाजारभावावर येतो.

जतचा_माणूस
तर मग आजारी माणसासाठी आणि मयतीसाठी तरी वेगळी सोय पाहिजे. यावर मी ठाम आहे.

गलाईवाला_विटा
@जतचा_माणूस, यात मी तुमच्याबरोबर आहे. फिरायला जाणारा चार दिवस थांबू शकतो. मयतीला निघालेला थांबू शकत नाही, आणि सगळ्यात महाग तिकीट त्यालाच काढावं लागतं.

वाईची_मेणवली
विषय थोडा बदलते. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर "निम्म्या दरात तिकीट, प्रवासाच्या दोन दिवस आधी" असे मेसेज फिरतात. माझ्या नणंदेने एकाला पैसे दिले. तिकीट आलं, पीएनआरही खरा निघाला. निघायच्या दिवशी विमानतळावर कळलं की तिकीट रद्द झालंय. चोरलेल्या कार्डावर काढलेलं होतं म्हणे, मूळ मालकाने तक्रार केल्यावर कंपनीने रद्द केलं. आयत्या वेळी निघणाऱ्यांनाच हे लोक गाठतात, कारण घाईत माणूस चौकशी करत नाही. कृपया सगळ्यांनी जपा.

तिकीटखिडकी
मेणवलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पीएनआर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तपासावाच, पण या प्रकारात तेवढंही पुरत नाही. तिकीट कंपनीकडून, ओळखीच्या पोर्टलवरून किंवा दुकान आणि बिल असलेल्या एजंटकडूनच घ्या. गूगलवर शोधलेला ग्राहकसेवेचा नंबर लावू नका, तिथेही फसवणारे बसलेत. नंबर तिकिटावर छापलेला असतो.

रद्द करायचं झालं तर हेही लक्षात ठेवा: तिकीट परत न मिळणाऱ्या प्रकारातलं असलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात. मागितल्याशिवाय बरेच जण ते सोडून देतात. काढल्यावर काही तासांत फुकट रद्द करायची मुभा असते म्हणतात, ती अगदी जवळच्या तारखेच्या तिकिटाला लागू होत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्यांनी नीट ठरवूनच पैसे भरावेत.

सातारी_कंदी
अवांतर: पेढे हातातल्या पिशवीत चालतात, मी कायम नेतो. सुकं खोबरं मात्र काढून घेतात, प्रसादाचं असलं तरी.

तासगावचा_बागायतदार
आणि भडंग चालतं. वजनाला हलकं असल्याने पंधरा किलोत सगळ्या पाहुण्यांचं बसतं :)

कृष्णाकाठ
विश्रामबागकर ताई, जयपूर-कोची दोन्ही बाजूला ठेवा. गूगल फ्लाइट्सवर निघायचं ठिकाण पुणे घाला, पोचायचं रिकामं ठेवा, तारखा घाला आणि नकाशा उघडा. सगळ्या गावांचे भाव एकदम दिसतात. स्कायस्कॅनरवरही "एव्हरीव्हेअर" असं टाकता येतं. मग कोल्हापूर, बेळगाव, गोवा घालून तेच करा. गोव्याला मोपा आणि दाबोळी दोन्ही वेगळे बघा. मोपा आपल्याला जवळ, पण आंबोलीचा घाट पावसात रात्री नको. नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, पण सांगलीहून त्यासाठी एवढं लांब जाण्यात मला अर्थ वाटत नाही. भाव तिथे बघा आणि तिकीट शेवटी कंपनीच्या साइटवर काढा.

विश्रामबागकर
मंडळी, काल रात्री लेक आणि मी हाच नकाशा उघडून बसलो होतो. पुण्याहून त्या तारखांना सगळ्यात कमी भाव दिल्लीचा दिसला. गलाईवाले दादा म्हणाले होते तेच, दिवसभर विमानंच विमानं. पण दिल्लीत पाच दिवस काय करायचं म्हणून आम्ही गप्प. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "दिल्लीहून हरिद्वार किती लांब गं? पितरांच्या दिवसांत गंगेवर जायला कोण नाही म्हणेल?"

आता देहरादूनचं जॉलीग्रांट बघायचं की दिल्लीलाच उतरायचं?

चाफळकर
आजींना माझा नमस्कार सांगा. सगळ्यांचं मन राखलं त्यांनी.

गलाईवाला_विटा
दिल्लीलाच उतरा. जॉलीग्रांट हरिद्वारला जवळ आहे, पण तिकडची विमानं मोजकी. देहरादून शताब्दी हरिद्वारला थांबते, वंदे भारतही आहे, बसगाड्या रात्रंदिवस. फक्त विमान आणि रेल्वे यांच्यामध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन्ही वेगळी तिकिटं, विमान लेट झालं तर रेल्वेवाला थांबणार नाही आणि पैसेही कोणी देणार नाही. दिल्लीत एक रात्र काढा, सकाळी शताब्दीने जा.

फौजी_अपशिंगे
माझं पोस्टिंग तिकडे होतं. सर्वपित्री अमावस्येला हर की पौडीवर पाय ठेवायला जागा नसते, हॉटेलचे भावही चढतात. तुमच्या तारखांत अमावस्या येत असेल तर तो दिवस ऋषिकेशला काढा किंवा आधीच दर्शन उरका. आजींना घाटावर पहाटे न्या, गर्दी कमी आणि पाण्याला ओढ असते म्हणून साखळी धरूनच उतरवा.

विश्रामबागकर
तिकिटं काढली! दोन-दोनची दोन, बुधवारी दुपारचं पुणे-दिल्ली आणि सोमवारी दुपारचं परत. कंपनीच्या साइटवरच. जाऊन-येऊन माणशी नऊ हजारांच्या आत बसलं. पहिल्या दिवशी जयपूरचं नुसतं जाण्याचं याच्या जवळपास दाखवत होते. सासूबाईंच्या तिकिटाला ज्येष्ठांची सवलत लावून बघितली, साधंच स्वस्त निघालं, तेच घेतलं. जाताना वंदे भारतचा वार जुळत नाही, म्हणून गाडी केलीय. व्हीलचेअर नोंदवली. अमावस्या आमच्या तारखांनंतर आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, खासकरून तिकीटखिडकी साहेबांचे. फक्त सोमवारी संध्याकाळी पुण्यात उतरल्यावर सांगलीला कसं यावं ते अजून ठरायचंय.

मिरज_जंक्शन
महालक्ष्मी एक्स्प्रेस! मध्यरात्रीनंतर पुण्यात येते, सकाळी सांगली. रविवारी दहा वाजता थर्ड एसीच्या तत्काळला बसा. हरिद्वारला नेट असतं.

गणिताच्या_बाई_कुपवाड
आजींना मध्यरात्रीपर्यंत स्टेशनवर बसवू नका. संध्याकाळी उतरताय तर लोहगावहून स्वारगेट गाठा आणि तिथून एसटी, किंवा जाताना केलेल्याच गाडीवाल्याला येण्याचंही ठरवून टाका. दोन्ही फेऱ्या एकत्र ठरवल्या की तो भाव कमी करतो.

पुसेसावळीकर
धागा पहिल्यापासून वाचला. मला पुढच्या गुरुवारी एकट्यालाच अहमदाबादला जायचंय, दोन दिवसांसाठी. कोल्हापूर की पुणे? औंधजवळ राहतो.

गलाईवाला_विटा
@पुसेसावळीकर, एकटे आहात, सामान हातातलंच असेल. दोन्हीकडचा एकेरी भाव वेगवेगळा बघा. जाताना कोल्हापूर स्वस्त आणि येताना पुणे स्वस्त असं निघू शकतं, आणि एकट्या माणसाला कुठूनही एसटीने घरी येता येतं. चौघांच्या कुटुंबाला ते जमत नाही. कोल्हापूर-अहमदाबाद त्या वारी आहे का ते आधी कंपनीच्या साइटवर बघा.

पुसेसावळीकर
आहे. जाताना कोल्हापूर, येताना पुणे, रात्रीचं. आत्ताच काढतो.